‘परिहरति’ : संघनेतृत्वाचा एक शब्द आणि शूर्पारकाची साक्ष

संस्था चालविणाऱ्या माणसाची रीत कोणती असावी, हा प्रश्न आजकाल वारंवार विचारला जातो. बँका, कारखाने, शाळा, सहकारी पतपेढ्या यांच्या प्रशिक्षणवर्गांत ‘नेतृत्वशैली’ हा ठरलेला विषय होऊन बसला आहे. शिबिरार्थीच्या हाती प्रश्नावली दिली जाते आणि तो हुकूम सोडणारा आहे, विचारविनिमय करणारा आहे की मोकळीक देणारा आहे, याचा निवाडा गुणांच्या बेरजेवरून होतो. या त्रिविध वर्गीकरणाचे मूळ बरेच जुने आहे. कुर्त लेविन व त्यांचे सहकारी लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे लहान लहान गट करून, त्यांना वेगवेगळ्या स्वभावाचे प्रमुख नेमून जे प्रयोग केले, त्यांचा वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून हे वर्गीकरण थोड्याफार फरकाने जगभर फिरत आहे.

या पद्धतीला आमचा मूलतः विरोध नाही. स्वतःच्या वागण्याकडे पाहण्याची सवय कोणत्याही निमित्ताने लागली तरी ती चांगलीच. परंतु या प्रश्नावल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की समुदाय अगोदरच नायकाच्या हवाली झालेला आहे आणि आता त्याने तो कसा हाकावा एवढेच काय ते ठरवायचे उरले आहे. भगवान बुद्धांनी सुमारे पंचेचाळीस वर्षे ज्या संघाला मार्गदर्शन केले, त्या संघाच्या साहित्यात नेमके हे गृहीतच तपासले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एका पालि क्रियापदाच्या आधारे ही तपासणी वाचकांसमोर ठेवू इच्छितो, आणि तिची साक्ष शक्य तेथे आपल्या परिसरातून काढू इच्छितो. उमेळे, नायगाव, वसई, भुईगाव, सोपारे या पट्ट्यात राहणाऱ्या उपासकांना हे साहित्य दूरच्या मगध-कोसलाचे वाटते. वस्तुतः उमेळ्याहून निघालेल्या माणसाला ज्या सोपाऱ्याला पोहोचायला फारसा वेळ लागत नाही, ते प्राचीन शूर्पारक, पालि ग्रंथांतील सुप्पारक, या साहित्यात नावानिशी आलेले आहे. आणि तेथील कथांत नायकाचा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

ते क्रियापद म्हणजे ‘परिहरति’. मराठीत ‘परिहार’ म्हणजे निवारण किंवा आक्षेपाचे खंडन. पालित मात्र या धातूचा एक अर्थ जपून वाहणे, सांभाळणे, निगा राखणे असा आहे. गर्भवती स्त्री गर्भाची जी काळजी घेते तिला ‘गब्भपरिहार’ म्हणतात. शब्दाच्या पोटात ओझे आहे आणि जपणूकही आहे; मालकी मात्र नाही. संघाच्या नेतृत्वाविषयी हा शब्द तिपिटकात तीन महत्त्वाच्या प्रसंगी येतो, आणि तिन्ही ठिकाणी तो उच्चारणाऱ्याचे मन निराळे आहे.

पहिला प्रसंग विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील देवदत्ताचा. राजपुत्र अजातशत्रू त्याला वश झालेला आहे, लाभ-सत्कार वाढलेला आहे. राजासह बसलेल्या मोठ्या परिषदेत तो उठतो, उत्तरासंग एका खांद्यावर घेतो आणि नम्रपणे सुचवितो की भगवान आता वृद्ध झाले आहेत, त्यांनी निश्चिंत राहावे आणि संघ आपल्या स्वाधीन करावा. आपण त्याचा परिहार करू. शब्द अगदी योग्य आहे, हावभावही विनयाचे आहेत. पण ‘स्वाधीन करावा’ हे आधी येते आणि ‘सांभाळीन’ हे नंतर. भगवंतांनी तीनदा नकार दिला, आणि सारिपुत्त-मोग्गल्लानांच्याही हवाली आपण संघ करणार नाही असे बजावले. हा नकार कठोर शब्दांत आहे आणि तो भर सभेत दिला गेला. आमच्या मते त्यातला महत्त्वाचा भाग देवदत्ताची निर्भर्त्सना हा नव्हे. अग्रश्रावकांनाही संघ ‘देता’ येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. जे देता येत नाही ते मागताही येत नाही.

दुसरा प्रसंग मज्झिमनिकायातील चातुम सुत्ताचा. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या पुढाकाराखाली पाचशे भिक्खू चातुमेला येतात. शयनासने लावणे, पात्र-चीवरे ठेवणे या गडबडीत कोळ्यांच्या मासळीबाजारासारखा गलका होतो. (ही उपमा सुत्तातीलच आहे, आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना ती समजावून सांगण्याची गरज नाही.) भगवान त्या सर्वांना निघून जावयास सांगतात. पुढे चातुमेचे शाक्य आणि ब्रह्मा सहंपती रदबदली करतात व भिक्खू परत येतात. त्यानंतर भगवान दोघा अग्रश्रावकांना विचारतात की संघाला घालवून दिले तेव्हा तुमच्या मनात काय आले? सारिपुत्तांना वाटले होते की भगवान आता निवांतपणे ध्यानसुखात राहतील आणि आपणही तसेच राहू. भगवंतांनी त्यांना तेथल्या तेथे थांबविले; असा विचार पुन्हा मनात येऊ देऊ नये असे सांगितले. मोग्गल्लानांना वाटले होते की भगवान निवांत राहतील, तेव्हा आता संघाचा परिहार सारिपुत्तांनी व आपण केला पाहिजे. या उत्तराला साधुकार मिळाला.

देवदत्ताने वापरलेलाच शब्द मोग्गल्लानांच्या तोंडी आहे. एकाला धिक्कार आणि दुसऱ्याला साधुकार का, याचे उत्तर प्रसंगाच्या घडणीत आहे. देवदत्त बोलतो तेव्हा संघ भरभराटीत आहे, राजा हात जोडून उभा आहे. मोग्गल्लानांच्या मनात तो विचार येतो तेव्हा संघ हाकलून दिलेला आहे, त्याला कोणी वाली नाही, आणि त्याची जबाबदारी घेण्यात लाभ असा काहीच नाही. शिवाय सारिपुत्तांना मिळालेला ठपकाही दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रज्ञेत अग्रगण्य अशा पुरुषाने ‘आपण निवांत राहू’ असे म्हणणे हे वैराग्य वाटेल. सुत्त त्याला चूक म्हणते. पद मागणे हा जसा दोष, तसाच ज्याच्या भरवशावर माणसे आली त्याने अवघड वेळी अंग काढून घेणे हाही दोष. आपल्याकडे पहिल्या दोषाविषयी पुष्कळ बोलले जाते, दुसऱ्याला मात्र साधेपणाचा मान मिळतो.

तिसरा प्रसंग महापरिनिब्बान सुत्तातील. वेळुवगामातील वर्षावासात भगवान गंभीर आजारातून उठले आहेत. संघाविषयी काही सांगितल्याखेरीज भगवान जाणार नाहीत, या विचाराने आपल्याला धीर आला होता, असे आनंद बोलून दाखवितात. त्यावर भगवान विचारतात की संघ माझ्याकडून आणखी कशाची अपेक्षा करतो? धम्म आत-बाहेर न करता सांगून झाला आहे; आचार्याची झाकली मूठ, ‘आचरियमुट्ठि’, तथागतापाशी नाही. ‘मी संघाचा परिहार करीन’ असे ज्याला वाटत असेल त्याने संघाविषयी काही जाहीर करावे. तथागताला तसे वाटत नाही. म्हणजे चातुमेत ज्या भावनेला साधुकार मिळाला, तीच येथे शास्ता स्वतःकडे घेण्यास नाकारतो. काही अभ्यासकांना हा अंतर्विरोध वाटतो. आम्हांला तो वाटत नाही. चातुमेतील संघ नव्या, अननुभवी भिक्खूंचा होता. त्याच सुत्तात कोवळ्या रोपांची आणि आईपासून तुटलेल्या वासराची उपमा आहे. परिहार गर्भाचा आणि बालकाचा करावयाचा असतो. वेळुवगामातील संघ वयात आलेला होता. त्याला हातावर धरून ठेवणे ही आता निगा राहिली नसती, ती पकड झाली असती.

शैलीचा प्रश्न या साहित्यात नाहीच असे मात्र नव्हे. सच्चविभंग सुत्तात सारिपुत्तांना जन्मदात्या मातेची आणि मोग्गल्लानांना पोसणाऱ्या दाईची उपमा दिली आहे. एक साधकाला स्रोतापत्तिफलापर्यंत आणतो, दुसरा तेथून पुढे परमार्थापर्यंत. दोघांच्या रीती भिन्न आहेत, त्यांत उतरंड लावलेली नाही, आणि एकाने दुसऱ्यासारखे व्हावे अशी सूचनाही नाही. प्रश्नावली भरून घेणाऱ्यांनी हे सुत्त वाचावे.

त्याहून व्यावहारिक उदाहरण दब्ब मल्लपुत्त यांचे. त्यांनी बालवयातच अर्हत्त्व प्राप्त केले होते. आपण संघाच्या काही उपयोगी पडावे असे त्यांना वाटले आणि शयनासनांची वाटणी व भोजनाची नेमणूक ही दोन कामे त्यांनी मागून घेतली. काम मागितले खरे, पण ते मिळाले संघाच्या संमतीने: ज्ञप्ती मांडली गेली, ज्यांना मान्य त्यांनी मौन पाळावे व अमान्य असेल त्यांनी बोलावे असे विचारले गेले, आणि मग ‘सम्मुति’ झाली. दब्बांनी वाटणी कशी केली हे चुल्लवग्गात मोठ्या मौजेने सांगितले आहे. सुत्तांतिकांना एकत्र ठेवले, म्हणजे ते परस्परांत सुत्तांचे पठण करतील. विनयधरांना एकत्र ठेवले, म्हणजे ते विनयाचा निर्णय करतील. धम्मकथिक एकत्र, ध्यानी एकत्र. आणि ज्यांना गप्पाटप्पा व शरीर कमावणे एवढेच आवडते अशा भिक्खूंनाही त्यांनी एकत्र ठेवले, तेही आपल्या परीने आनंदात राहतील म्हणून! रात्री-अपरात्री येणाऱ्यांना ते स्वतः वाट दाखवीत. निकृष्ट जागा व जेवण वाट्याला आले म्हणून मेत्तिय-भुम्मजक भिक्खूंनी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, हेही तेथेच नोंदलेले आहे. वाटप करणाऱ्याच्या वाट्याला हे येतेच. महत्त्वाचे हे की आळ आल्यावर चौकशी संघाच्या सभेत झाली आणि दब्बांना सर्वांसमोर उत्तर द्यावे लागले. अर्हत असणे हे उत्तर न देण्याचे कारण ठरले नाही.

विनयातील सर्वच अधिकाऱ्यांना, मग तो भोजन नेमणारा असो, चीवरांचा भांडारी असो की मतशलाका गोळा करणारा सलाकगाहापक असो, एकच कसोटी लावलेली आहे. तो छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींना जाणारा नसावा आणि आपल्या कामातील झालेले-न झालेले त्याला ठाऊक असावे. पहिल्या भागात शील आहे, दुसऱ्यात हिशेब. कठोर की मृदू, बोलका की अबोल, याविषयी विनय काहीच विचारत नाही.

आता शूर्पारकाकडे वळू. उदानात बाहिय दारुचीरियाची कथा आहे. अट्ठकथेप्रमाणे त्याचे जहाज फुटले आणि तो वस्त्रहीन अवस्थेत सुप्पारकाच्या किनाऱ्याला लागला. लाकडाच्या सालींनी त्याने अंग झाकले. लोकांनी त्याला अर्हत ठरविले. वस्त्रे आणून दिली तर ती त्याने घेतली नाहीत, कारण घेतली तर मान जाईल. हळूहळू त्यालाही आपण अर्हत आहोत असे वाटू लागले. उदानातील मूळ कथेत ही फुटलेल्या जहाजाची हकीकत नाही. तेथे सुप्पारकाच्या समुद्रतीरी राहणारा, सत्कारलेला, पूजिलेला बाहिय एवढेच आहे. पण अट्ठकथाकारांनी भरलेला तपशील मानसशास्त्रीय दृष्ट्या अचूक आहे. येथे नायकाने अनुयायांना फसविले नाही, अनुयायांनी नायक घडविला, आणि मग तो त्यांच्या कल्पनेचा कैदी झाला. एका देवतेने त्याला तू अर्हत नाहीस, त्या मार्गावरही नाहीस, असे सांगितले तेव्हा तो तत्काळ उठला आणि सावत्थीकडे चालू लागला. सोपाऱ्यातला मान त्याने एका क्षणात मागे टाकला. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातील हे एक मोठे प्रस्थान आहे आणि त्याची आठवण आम्ही पुरेशी ठेवलेली नाही.

दुसरा पुरुष पुण्ण, संस्कृत परंपरेतील पूर्ण. दिव्यावदानातील दुसरे अवदान त्याचे आहे. तो शूर्पारकातील एका गृहपतीचा दासीपासून झालेला पुत्र. व्यापारात तो भावांहून कुशल निघाला. शूर्पारकाच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने ठराव केला होता की बाहेरून आलेला माल कोणीही एकट्याने घ्यावयाचा नाही, सर्वांनी मिळून घ्यावयाचा. पूर्णाने विसार देऊन माल एकट्याने घेतला. श्रेणीने त्याला उन्हात उभे केले. प्रकरण राजापर्यंत गेले तेव्हा राजाने एकच प्रश्न विचारला, हा ठराव करताना तुम्ही पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलावले होते काय? बोलावलेले नव्हते. ठराव त्यांच्यावर बंधनकारक नाही, असा निर्णय झाला. संस्थांच्या इतिहासाच्या दृष्टीने हा प्रसंग अमोल आहे. श्रेणीचा हेतू वाईट नव्हता. सर्वांनी मिळून खरेदी करावी यात सामूहिक हितच होते. दोष होता तो ज्याच्यावर नियम लादावयाचा त्याला सभेला न बोलावण्यात. विनयात हाच दोष ‘वग्ग’ कर्माच्या नावाने ओळखला जातो: ज्यांनी हजर असावयास हवे ते आलेले नाहीत आणि त्यांचा छंद, म्हणजे संमती, आणलेला नाही, असे संघकर्म अपूर्ण संघाचे ठरते व टिकत नाही. शूर्पारकाचा राजा आणि विनयधर एकाच निष्कर्षाला आलेले आहेत. दासीपुत्राला सभेचे बोलावणे का गेले नसेल, याचा तर्क वाचकांनीच करावा. अवदान त्यावर भाष्य करीत नाही.

पुढे हाच पूर्ण समुद्रयात्रांचा नायक झाला, सावत्थीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकून प्रव्रजित झाला, आणि भगवंतांचा निरोप घेऊन सुनापरांताला परतला. (ब्रह्मी परंपरा सुनापरांत आपल्या देशात दाखविते, अट्ठकथा मात्र पुण्णाला सुप्पारकाचाच म्हणते.) पुण्णोवाद सुत्तातील संवाद प्रसिद्ध आहे. तेथील लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील, मारतील, ठारही करतील, तेव्हा तू काय करशील असे भगवान पायरी-पायरीने विचारतात आणि तो प्रत्येक वेळी त्या लोकांच्या भलेपणाचाच एक अंश शोधून उत्तर देतो. हा संवाद बहुधा क्षांतीचा आदर्श म्हणून सांगितला जातो. नियुक्तीच्या दृष्टीनेही तो पाहण्याजोगा आहे. भगवान त्याला कोणता मार्ग अवलंबणार, किती अनुयायी मिळविणार हे विचारत नाहीत. ज्यांच्यात तो जाणार त्यांच्याविषयी त्याच्या मनात काय आहे एवढेच विचारतात. त्याच वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका झाल्या, असे सुत्त सांगते.

सुप्पारक हे नाव धारण करणारा तिसरा पुरुष जातककथेतला आहे, आणि तो भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा. जातक ४६३ मधील हा नियामकजेट्ठक, अर्थात तांडेलांचा मुख्य, खाऱ्या पाण्याने आंधळा झाला होता. तरीही सातशे व्यापाऱ्यांनी त्यालाच जहाजावर नेले. तो ज्या जहाजावर असतो ते बुडत नाही अशी त्याची ख्याती होती. वादळाने जहाज अनोळखी समुद्रांत भरकटले. प्रत्येक समुद्राचे रूप व्यापारी सांगत आणि तो आंधळा माणूस शास्त्राच्या आधारे नाव सांगे. वर्णन करणारे डोळे इतरांचे, ओळखणारी विद्या याची. संघकार्याचे याहून चांगले चित्र आम्हांला माहीत नाही. परंतु कथेत एक खोच आहे. एका समुद्रात हिरे आहेत हे त्याला कळते, पण तो ते सांगत नाही. सांगितले तर हावेपोटी हे लोक जहाज जड करून बुडवतील. मासे धरण्याच्या निमित्ताने जाळे सोडवून तो हिरे वर घेतो व त्यांच्या जागी हलका माल टाकून देवितो. पुढच्या समुद्रांतही तो असेच करतो. शेवटी, सुखरूप परतल्यावर, सारे धन तो त्या व्यापाऱ्यांनाच वाटून देतो.

ही झाकली मूठ नव्हे काय? आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला आहे. जातकातील बोधिसत्त्व जे करतो ते महापरिनिब्बान सुत्तातील बुद्ध करीत नाही, आणि परंपरेने दोन्ही जपले. फरक आम्हांला असा दिसतो की तांडेलाची मूठ प्रवासापुरती होती आणि किनाऱ्याला लागताच ती सर्वांसमोर उघडली गेली. तरीही आमचे मन या कथेवर पूर्णपणे ठरत नाही. ‘लोकांना सांगितले तर ते बुडवतील’ हे वाक्य आपापल्या संस्थेत आपण सर्वांनीच ऐकलेले आहे. ते म्हणणाऱ्यांपैकी किनाऱ्याला लागल्यावर जाळे उघडून दाखविणारे किती, हा प्रश्न उरतोच.

अशोककाळात अपरांतात धम्म कसा आला याची जी परंपरा सिंहली ग्रंथांनी राखली आहे तिच्यातही एक बारकावा आहे. मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी योनक धम्मरक्खितांना, म्हणजे एका यवन भिक्खूला, अपरांतात धाडले. समंतपासादिकेप्रमाणे अशा प्रत्येक थेराबरोबर आणखी चौघे होते, कारण प्रत्यंत प्रदेशात उपसंपदा देण्यासाठी पाचांचा गण लागतो. हा नियम महावग्गातला. अवंतीत सोण कुटिकण्णाच्या उपसंपदेसाठी दहा भिक्खू गोळा करता करता तीन वर्षे गेली, तेव्हा प्रत्यंतासाठी संख्या पाचावर आणली गेली. मात्र त्यांत एक विनयधर हवा. कितीही थोर असला तरी एकटा थेर कोणाला उपसंपदा देऊ शकत नाही. नायकाच्या गुणांवर विसंबून न राहता किमान गण ठरवून देणे ही संघाची दूरदृष्टी होती. अपरांताला एक प्रतिभावंत पाठविला गेला नव्हता, पाचजण पाठविले गेले होते.

सोपाऱ्याच्या भूमीने अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी दोहोंचे तुकडे आपल्या हाती दिले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. त्याच वर्षी त्यांनी बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप उघडला आणि एकात एक ठेवलेले करंडक, पात्राचे तुकडे व आठ लहान बुद्धमूर्ती उजेडात आणल्या. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात सापडला. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत; आपण संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, जिच्यात श्रमण-ब्राह्मणांचे व वृद्धांचे दर्शन, दान, आणि जनपदातील लोकांची भेट व विचारपूस होते. नवव्यात मंगलविधींपेक्षा दास व सेवक यांच्याशी नीट वागणे श्रेष्ठ म्हटले आहे. चौदा लेखांपैकी हेच दोन वाचावेत हा योगायोग. पण बंदराच्या व्यापारी गावात, जेथे दासीपुत्राला सभेचे बोलावणे जात नव्हते असे अवदान सांगते, तेथे हे दोन लेख शिल्लक राहिले याची नोंद करावीशी वाटते.

१९५६ हे वर्ष आपल्याला दुसऱ्याही कारणाने विसरता येत नाही. १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. बाबासाहेबांनी नेतृत्वाच्या प्रश्नावर आयुष्यभर विचार केला होता. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी थोर पुरुषाची लक्षणे तपासताना विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्ती ही हुकूमशाहीची वाट असल्याचा इशारा दिला, आणि त्याच भाषणात भिक्खुसंघाला आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, शलाकेने मतदान यांचे नियम ठाऊक होते हेही सांगितले. हे केवळ भाषणापुरते नव्हते. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे अध्यक्षपद एन. शिवराज यांना दिले गेले. पदे त्यांनी आपल्यापाशी साठविली नाहीत.

तरीही भार त्यांच्यावरच राहिला, हे मान्य केले पाहिजे. समुदाय नवा होता, चातुमेच्या संघासारखा. त्याला परिहाराची गरज होती आणि तो करणारे हात फार थोडे होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, शिवराज अध्यक्ष झाले, आणि फार काळ न लोटता तट पडले. या फुटीची कारणे पुष्कळ आहेत व ती राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मांडली आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष लहान संस्थांकडे आहे, कारण धम्म प्रत्यक्षात तेथे जगतो. वसई तालुक्यात काय किंवा अन्यत्र काय, अनेक विहार-समित्यांत किल्ली, पावतीपुस्तक आणि बँकेचे खाते एकाच कार्यकर्त्याच्या हाती असते. तो बहुधा निःस्पृह असतो. पदरचे पैसे घालतो, गिरणी किंवा कार्यालय सांभाळून रात्री जागतो. आमच्या पाहण्यातील एका समितीत असा गृहस्थ आजारी पडला आणि वर्षावासातील ग्रंथवाचन तीन आठवडे बंद राहिले, कारण ग्रंथाचे कपाट कोणाला उघडता येईना. त्याच्या निष्ठेत उणे काही नव्हते. किल्ली दुसऱ्याकडे असावी असा प्रस्ताव कोणी मांडलाच नव्हता, कारण तो मांडणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे असे सर्वांना वाटत होते.

विनयाला असे वाटत नव्हते. दब्बांसारख्या अर्हताचीही नेमणूक ज्ञप्तीने झाली, ती अविश्वासामुळे नव्हे. संमती घेतल्यामुळे काम संघाचे होते आणि करणारा त्याचा वाहक राहतो. गोपकमोग्गल्लान सुत्तात वस्सकार ब्राह्मण आनंदांना खोदून खोदून विचारतो की भगवंतांनी कोणाला आपल्या जागी नेमले आहे काय, संघाने कोणाला निवडले आहे काय. दोन्हीची उत्तरे नकारार्थी येतात. मग तुमची एकी कशावर, असे तो विचारतो, तेव्हा आनंद उपोसथाचे वर्णन करतात: एका गावक्षेत्रातील सारे एकत्र जमतात, ज्याला पातिमोक्ख येते तो म्हणतो, दोष निघाला तर धम्माप्रमाणे उपाय होतो. एवढेच. वस्सकार हा वज्जींमध्ये फूट पाडणारा महामात्य होता. त्याला पकडण्याजोगा माणूस सापडेना. त्याच संवादात आनंद हेही सांगतात की आम्ही ज्यांचा आदर करतो असे भिक्खू आहेत, आणि त्यांची दहा लक्षणे देतात. आदराला जागा आहे, गुणांनाही आहे. गादी मात्र नाही.

चातुमेत संघाचा परिहार आपण दोघांनी करावा असे ज्यांच्या मनात आले ते मोग्गल्लान, आणि ज्यांनी तसा विचार करावा म्हणून भगवंतांनी कान उघाडणी केली ते सारिपुत्त, हे दोघेही शास्त्याच्या अगोदर गेले. संयुत्तनिकायात त्यानंतरचा एक प्रसंग आहे. वज्जींच्या प्रदेशात उक्कचेल येथे गंगेच्या काठी भगवान उघड्यावर बसले आहेत, भोवती भिक्खुसंघ नि:शब्द आहे. त्या निःशब्द संघाकडे पाहून भगवान म्हणतात की सारिपुत्त-मोग्गल्लान गेल्यापासून ही परिषद आपल्याला रिकामी वाटते. मग ते भिक्खूंना स्वतःचे द्वीप होऊन राहावयास सांगतात. त्या दोघांच्या जागी कोणाचे नाव ते घेत नाहीत.